पाटल्या पेटीतच राहिल्या

बंगळुरूच्या कोरमंगला भागात राहायला आल्यापासून एक गोष्ट पाहते आहे. इथे जिन्याखाली भंगारात जे सामान निघते, तेवढे आमच्या माहेरी पुष्कळ घरांत चालू स्थितीतही नसते. रद्दीवाल्याच्या हातगाडीवर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याशेजारी कीबोर्ड, चार्जर आणि तडा गेलेल्या पडद्याचे लॅपटॉप दिसणे हे इथले रोजचेच. २००७ साली फ्लिपकार्ट ही कंपनी कोरमंगलातल्याच एका फ्लॅटमध्ये सुरू झाली. त्यानंतर कितीतरी तरुणांनी इथे भाड्याच्या घरांत कंपन्या काढल्या. पाट्या लागल्या, उतरल्या, पुन्हा नव्या लागल्या. पाटी उतरली की आतली यंत्रे खाली येतात.

आमचा एक लॅपटॉप मात्र त्या गाडीवर कधी गेला नाही. २०१२ च्या दिवाळीत घेतलेला. लग्नानंतरची आमची पहिली मोठी खरेदी. वजन अडीच किलो, त्यामुळे घरात त्याचे नाव ‘पाटा’. माझे सुरुवातीचे कितीतरी लेख त्याच्यावरच लिहिले गेले. पुढे ऑफिसकडून नवा मिळाला आणि पाटा कपाटात साड्यांच्या वर जाऊन बसला. टाकून देण्याचा विषय दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत निघायचा आणि फराळाबरोबर संपायचा.

२०२५ च्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी आमच्याकडे राहायला आली. ताई निपाणीला असते. दाजींचे किराणा दुकान आहे. भाचीला बंगळुरूतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला आणि घरात आनंदीआनंद झाला. फी, पुस्तके, येण्याजाण्याचा खर्च यांचा हिशेब दाजींनी वहीच्या एका पानावर मांडला होता. त्या पानावर लॅपटॉप नव्हता. वर्ग सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितले, प्रत्येकाकडे आपापला लॅपटॉप असलेला बरा.

आम्ही दुकानात चौकशी केली. तिच्या कामाला चालेल असा नवा लॅपटॉप पन्नास-बावन्न हजारांच्या खाली नव्हता. रात्री ताईचा फोन आला.

‘‘अगं, पाटल्या काय, पेटीतच असतात. सोसायटीत ठेवल्या की चार दिवसांत पैसे मिळतात.’’

‘‘आणि सोडवायच्या कधी?’’

‘‘सुटतील गं कधीतरी.’’

या पाटल्या आमच्या आईच्या. ताईच्या लग्नात तिने आपल्या हातातल्या काढून दिलेल्या. ताईच्या आवाजात जराही कुरकूर नव्हती, म्हणूनच मला जास्त वाईट वाटले. मी म्हटले, आमच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे, तो हिला देते. ताईने फोन दाजींकडे दिला. दाजी एरवी माझ्याशी थट्टेने बोलतात, त्या दिवशी बोलले नाहीत.

‘‘तुमचं मन मोठं आहे, पण पोरगी पहिल्यांदाच शहरात आलीय. वर्गात सगळ्यांच्या हातात नवं आणि हिच्या हातात मावशीच्या घरचं जुनं. नको. आम्ही बघतो काय ते.’’

यावर काय बोलणार? दाजींचे म्हणणे मला पटले नाही, पण समजले. दुकान चालवणारा माणूस उधारी देतो, घेताना त्याला जड जाते.

पाट्याची तरी काय अवस्था होती! भाचीने तो सुरू केला आणि आम्ही घड्याळ लावले. पडद्यावर काम करण्याजोगे काही येईपर्यंत सात मिनिटे गेली. ह्यांचा तेवढ्यात चहा करून झाला. दुसऱ्या दिवशी मी एका दुरुस्ती केंद्रात तो दाखवला. तिथल्या साहेबांनी झाकणही न उघडता सांगितले, ‘‘मॅडम, तेरा वर्षांचा आहे. याच्यावर एक रुपया घालू नका. एक्स्चेंजमध्ये पाचशे मिळतील.’’ आणि नव्या मॉडेलांचे रंगीत पत्रक हातात दिले.

मी पत्रकारितेची पदविका घेतलेली बाई. यंत्राच्या पोटात काय चालते ते मला येत नाही, पण जो माणूस पोट न पाहता निदान करतो त्याच्यापुढे दुसरा प्रश्न विचारायचा असतो, एवढे धंद्याने शिकवले आहे. भाचीला म्हटले, ‘‘हा इतका हळू का चालतो, ते आधी शोधून काढ. मग ठरवू.’’

तिने शोधले आणि मला समजावले, ते स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. लॅपटॉपमधली मेमरी, जिला रॅम म्हणतात, ती म्हणजे ओटा. हार्ड डिस्क म्हणजे धान्याची कोठी. आणि प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारे माणूस. काम व्हायचे ते ओट्यावर. कोठी कितीही मोठी असली तरी भाजी चिरायला उपयोगाची नाही. आता ओटाच जर वीतभर असेल, तर परात ठेवायला कढई माळ्यावर टाकावी लागते, आणि कढई हवी झाली की परात वर टाकून ती खाली घ्यावी लागते. स्वयंपाक करणारी कितीही चपळ असो, तिचा दिवस स्टुलावर चढण्या-उतरण्यातच जातो. शेजारचे म्हणतात, बाई मंद आहे. बाई मंद नसते. ओटा लहान असतो.

आमच्या पाट्याचा ओटा होता ४ जीबीचा. २०१२ साली तो चांगला ऐसपैस समजला जायचा. पण त्यावरची विंडोज १० सुरू होतानाच त्यातली निम्मी जागा अडवून बसायची, आणि इंटरनेटची चार-पाच पाने उघडली की उरलेली संपायची. मग सगळा पसारा माळ्यावर, म्हणजे हार्ड डिस्कवर. ती हार्ड डिस्कही जुन्या पद्धतीची. आत खरोखरीची तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते आणि एक सुई तिच्यावर जागा शोधत धावते. लॅपटॉपचा कान जवळ धरला तर तिची करकर ऐकू यायची.

भाचीने पाटा पालथा घातला. तळाशी एक लहान झाकण, एक स्क्रू. झाकण काढले तर आत मेमरीची एक पट्टी बसलेली आणि तिच्या शेजारचा स्लॉट रिकामा.

‘‘मावशी, तेरा वर्षं इथे जागा रिकामीच आहे!’’

तिच्या तोंडावरचा आनंद पाहून मला आमच्या वाड्यात भिंतीमागे सापडलेल्या कोनाड्याची आठवण झाली.

मुंबईला जसा लॅमिंग्टन रोड, तसा बंगळुरूला एस. पी. रोड. पूर्ण नाव सदर पत्रप्पा रोड. टाउन हॉलपासून जवळ, जुन्या पेठांच्या कडेला. एका शनिवारी आम्ही दोघी पाटा पिशवीत घालून बसने निघालो. जून २०२३ पासून कर्नाटकात साध्या सरकारी बसमध्ये इथल्या बायकांना तिकीट पडत नाही, त्यामुळे दोघींचा प्रवास शून्य रुपयांत. पिशवीतल्या यंत्राचाच भार काय तो.

एस. पी. रोड पाहण्यासारखा आहे. हात पसरले तर दोन्ही टोके भिंतींना टेकतील अशी दुकाने, आणि त्यांत वायरी, पंखे, पडदे, बॅटऱ्या, सुटे कीबोर्ड, नावेही ठाऊक नसलेले बारीकसारीक भाग. एका दुकानात नुसते स्क्रू. मालक बहुतेक मारवाडी, गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये बोलणारे, आपसांत मारवाडीत, हिशेब हिंदीत. कोरमंगलात जी यंत्रे भंगारात जातात, त्यांतली कित्येक सुटी होऊन इथे काचेच्या कपाटात येऊन बसत असणार, असे सारखे वाटत होते.

आम्ही तीन दुकाने फिरलो. पहिल्या दोघांनी नुसते ‘रॅम पाहिजे? किती?’ असे विचारले. तिसऱ्या दुकानातल्या तंत्रज्ञ पोराने आधी पाटा मागून घेतला, पट्टी काढून तिच्यावरची अक्षरे वाचली आणि मग बोलायला सुरुवात केली. काम त्यालाच द्यायचे असे मी तिथेच ठरवले. तो तुमकूरकडचा. भाचीचे कन्नड माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले, सीमाभागातल्या मुलांना दोन्ही भाषा घरच्याच. त्यामुळे ती विचारत होती आणि मी वहीत टिपत होते.

मेमरीच्या पट्ट्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्या पिढ्या असतात. आमची डीडीआर३ पिढीची, तिच्या कडेला २०४ सोनेरी टोके. तिच्यानंतरच्या डीडीआर४ ला २६०. मधली खाच वेगळ्या ठिकाणी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. जोर लावून बसवायला गेले तर स्लॉट मोडतो. शिवाय डीडीआर३ मध्येही दोन प्रकार. एक दीड व्होल्टवर चालणारी, दुसरी १.३५ व्होल्टवर. ही दुसरी, जिच्या नावापुढे एल असतो, ती साधारणपणे दोन्हींवर चालते. पण कमी व्होल्टचीच मागणी करणाऱ्या लॅपटॉपला पहिली चालत नाही. जुनी पट्टी काढून दुकानात न्यावी, हा साधा उपाय. ब्लाउजपीस आणायला जाताना साडी नेतो, तसे.

आणखी एक गोष्ट त्याने पाहिली, जी आमच्या डोक्यातही आली नव्हती. यंत्रावरची विंडोज ३२-बिटची आहे की ६४-बिटची? ३२-बिटची असेल तर तिला ४ जीबीपलीकडची मेमरी मोजताच येत नाही. ओटा कितीही वाढवा, बाई जुन्या कोपऱ्यातच काम करत राहणार. आमची ६४-बिटची निघाली.

भाचीला प्रोसेसरही बदलायचा होता. कॉलेजात मुले प्रोसेसरच्याच गप्पा मारतात. पाट्यात होता इंटेलचा आय-३, ३११० क्रमांकाचा. ‘‘आय-७ घालू या ना!’’ पोरगा हसला.

‘‘बेड अक्का. आत्ता नको. मेमरी घाला, हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला. दोन आठवडे वापरा. प्रोसेसर कमी पडतोय असं दिसलं तर या. उगीच पैसे का घालवता?’’

विकायला बसलेला माणूस ‘आत्ता नको’ म्हणतो, हे शहरात क्वचित ऐकायला मिळते.

एसएसडी म्हणजे तबकडी नसलेली कोठी. आत काही फिरत नाही, सुई धावत नाही, सगळे चिपमध्ये साठवलेले, त्यामुळे पाहिजे ती वस्तू तत्काळ हाती येते. आकाराने जुन्या डिस्कएवढीच, तिच्याच जागी बसते. ८ जीबीची पट्टी १४०० रुपयांना, २५६ जीबीची एसएसडी १९०० ला. पट्टी तिरकी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक्‌ असा आवाज येतो. झाले. हे काम घरीही करता येण्यासारखे आहे. बॅटरी आणि चार्जर आधी काढायचा आणि अंगातली स्थिर वीज उतरवायला धातूच्या एखाद्या वस्तूला हात लावायचा, एवढे पथ्य. भाचीने स्वतःच्या हाताने बसवली.

१२ जीबीचा पाटा आता अर्ध्या मिनिटाच्या आत जागा होऊ लागला. जुनी डिस्क डबीत घालून घेतली होती, तिच्यात आमच्या मुलाच्या बारशाचे फोटो सापडले. ते पाहण्यात एक रविवार गेला.

मधल्या काळात दुसरा प्रश्न उभा राहिला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने थांबवला. आधार थांबतो म्हणजे यंत्र बंद पडते असे नाही, पण सुरक्षिततेच्या ज्या दुरुस्त्या एरवी आपोआप येत राहतात, त्या येईनाशा होतात. बँकेचा व्यवहार करणाऱ्याने हे गंभीरपणे घ्यावे. मग विंडोज ११ घालावी, तर तिची अट अशी की इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. इथे पुष्कळांची फसगत होते. ‘माझा आय-७ आहे, माझा चालेल’ असे लोक म्हणतात. आय-३, आय-५, आय-७ ही झाली घराण्याची नावे. पिढी कळते पुढच्या आकड्यावरून. ३११० म्हणजे तिसरी पिढी. तिसऱ्या पिढीचा आय-७ घातला तरी तो तिसऱ्या पिढीचाच.

भाचीने त्यावर लिनक्स मिंट घातली. हिच्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. लिनक्सचा गाभा लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला, पुढे जगभरातल्या लोकांनी तो वाढवला. प्रोग्रॅम लिहायला शिकणाऱ्याला ती फार सोयीची. मराठी टायपिंगही तिच्यात होते, हे मी स्वतः करून पाहिले. ड्रॉइंगचे एक सॉफ्टवेअर मात्र विंडोजशिवाय चालत नाही. ते ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत वापरते. हिशेबाचे किंवा कारखान्याचे ठरावीक सॉफ्टवेअर ज्यांना लागतेच, त्यांनी हा मार्ग धरण्याआधी चौकशी करावी.

दोन आठवड्यांनी प्रोसेसरचेही कळले. एरवी सगळे झकास, पण व्हिडिओवरचा तास चालू असताना ती बाजूला प्रोग्रॅम लिहायला बसली की पंखा घोंघावायचा आणि चित्र अडखळायचे. तिने मोजून पाहिले. ओटा निम्मा रिकामा, पण बाईचे दोन्ही हात गुंतलेले. कारण असे की, इंटरनेटवरचे व्हिडिओ आता ज्या नव्या पद्धतींनी आवळून पाठवतात, त्या उलगडण्याची खास सोय नव्या चिपमध्ये असते. २०१२ च्या चिपमध्ये ती नाही. सगळी गाठोडी प्रोसेसरलाच हाताने सोडावी लागतात.

पुन्हा एस. पी. रोड. पोराने ओळख ठेवली होती. त्याने वापरलेल्या भागांच्या डब्यातून एक चौकोनी चिप काढली. त्याच तिसऱ्या पिढीचा आय-७, क्रमांक ३६३२क्यूएम. दोनाऐवजी चार गाभे, म्हणजे ओट्याशी दोनाऐवजी चार माणसे. हाच का, तर तो ३५ वॅटचा आहे म्हणून. आमचा आय-३ ही ३५ वॅटचाच. लॅपटॉपमधला पंखा आणि तांब्याची नळी ठरावीक उष्णता बाहेर टाकण्याच्या बेताने केलेली असते. त्याच मालिकेत ४५ वॅटचे जास्त जोरकस प्रोसेसर आहेत, बसतीलही, पण धुराडे लहान आणि चूल मोठी असा प्रकार होतो. आणि बसणारा प्रत्येक प्रोसेसर मदरबोर्ड ओळखतोच असे नाही. त्याच्यावरचे मूळ सॉफ्टवेअर, ज्याला बायोस म्हणतात, त्याला तो ठाऊक असावा लागतो. नाहीतर पडदा काळाच राहतो. पोराने ते आधी पाहून ठेवले होते.

हे काम मात्र घरी करण्यासारखे नव्हे. सगळा लॅपटॉप उघडावा लागला. स्क्रू तो एका कागदावर लॅपटॉपचे चित्र काढून त्या-त्या जागी ठेवत होता. पंखा काढला तर जाळीत धुळीचा नमद्यासारखा थर, त्यात माझा एक लांब केस. उष्णता नेणारी जुनी पेस्ट वाळून खपली झाली होती, ती पुसली. सॉकेटच्या कडेचा स्क्रू अर्धा फिरवला आणि आय-३ अलगद उचलला. खाली शेकडो केसासारखे पाय. नव्या चिपच्या कोपऱ्यावरचा बारीक त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून ती नुसती ठेवली, दाबली नाही. दाबायचे नसतेच. अर्धा फेरा उलटा, पेस्टचा एक ठिपका, वर पंखा.

तो जोडत होता तेव्हा भाचीने मला सांगितले की पेंटियम प्रोसेसर, ज्याने १९९३ नंतर जगभरच्या घरांत कॉम्प्युटर नेला, तो तयार करण्यात पुढाकार असलेले विनोद धाम जन्माने पुण्याचे. मला हे माहीत नव्हते.

पडद्यावर आय-७ अशी अक्षरे आली. दोघींनी टाळ्याच वाजवल्या. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला.

चिपचे ३२०० आणि मजुरी-पेस्टचे ६०० धरून सगळे मिळून ७१०० रुपये झाले. पुढे बॅटरी नवी घातली तिचे २२०० वेगळे. आता खरे सांगायचे तर प्रोसेसर बदलणे हा प्रत्येकाने करावा असा उद्योग नाही. मेमरी आणि एसएसडी यांनीच बहुतेक जुनी यंत्रे सुधारतात. दहा जणांतल्या नऊंनी तिथेच थांबावे, असे माझे मत आहे. शिवाय पाट्याचे वजन अडीच किलोच राहिले आणि पडदा उन्हात अजूनही फिका दिसतो. तो नवा झालेला नाही.

पण मेमरी-प्रोसेसर बदलता आले, ते तो २०१२ चा होता म्हणून. हे मला त्या दुकानात उमगले आणि अजून मनातून जात नाही. पोराने कपाटातून एक अलीकडचा, सुरीसारखा पातळ लॅपटॉप उघडून दाखवला. मेमरीला स्लॉटच नाही. चिपा बोर्डालाच डाग देऊन बसवलेल्या. अ‍ॅपलने २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये मेमरी अशी पक्की केली आणि पुढे इतरांनीही तो मार्ग धरला. इंटेलचे लॅपटॉपचे प्रोसेसर तर चौथ्या पिढीनंतर सॉकेटमध्ये येणेच थांबले. २०१५ नंतरच्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलून देतो असे कुणी म्हणाले तर जरा जपूनच. याला कारणे आहेत. यंत्र पातळ होते, हलके होते, वीज वाचते, आणि ते आपल्यालाही हवेच असते. मात्र बांगडीसारखी गोष्ट झाली. घडवताना जो माप चुकला तो चुकला, पुढे वाढवता येत नाही.

म्हणून आता कुणी ओळखीचे नवा लॅपटॉप घ्यायला निघाले की मी एकच विचारते, त्यात मेमरीचा रिकामा स्लॉट आहे का? दुकानदाराला बहुधा माहीत नसते. विचारले की तो आतून कुणालातरी बोलावतो. सगळी मेमरी पक्की असेल, तर पुढच्या पाच-सहा वर्षांची गरज धरून आजच जास्त घ्यावी. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले, त्यावर कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती मिळते. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपच्या दुकानातल्या चिठ्ठीवर किमतीबरोबर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्याकडे तशी चिठ्ठी लागली तर मला आवडेल. भाज्या घेताना वांगे दाबून पाहणारी आपण माणसे, पन्नास हजारांची वस्तू डोळे मिटून घेतो.

दाजींचा प्रश्न राहिलाच होता. तो भाचीनेच सोडवला. पहिल्या खरेदीच्या संध्याकाळीच तिने निपाणीला फोन लावला. आम्ही ऐकत होतो.

‘‘पप्पा, मेमरी आणि एसएसडीचे ३३०० झालेत. मावशी देते म्हणाली, मी घेतले नाहीत. तुम्ही पाठवा. मी माझ्या हातानं बसवलंय.’’

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ह्यांच्या फोनवर ३३०० रुपये जमा झाल्याचा आवाज वाजला. प्रोसेसरचे ३८०० ही तसेच आले, बॅटरीचे तर न मागता. ह्यांनी दाजींना फोन करून विचारले, ‘‘मग आता हा पाटा कुणाचा?’’ दाजी म्हणाले, ‘‘आमचा. तुमचा त्यात उरलाय काय? नुसता डबा.’’ बऱ्याच दिवसांनी मोकळे हसले.

वर्गात कुणी काही म्हणाले का, हे मी भाचीला विचारले नव्हते. तिनेच एकदा सांगितले. पहिल्या आठवड्यात दोघी-तिघी हसल्या. पुढे त्यांतल्या एकीचा लॅपटॉप हळू झाला, तेव्हा ती तो घेऊन हिच्याकडे आली. हिने पालथा करून पाहिला, तर झाकणच नव्हते. ‘‘वाईट वाटलं गं मावशी. सव्वा लाखाचा होता.’’

२०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी प्रचंड संगणक केंद्रे उभी राहत आहेत, त्यांनी चिपा उचलल्या आणि घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला महागाई आली. आमचे काम त्याआधी झाले, हा निव्वळ योग.

दिवाळीत भाची पाटा घेऊन निपाणीला गेली होती. ताईने लक्ष्मीपूजनाला पाटल्या हातात घातल्या आणि लॅपटॉपलाही हळदीकुंकू लावले, असे कळले. दाजींनी त्या चार दिवसांत तो दोनदा पालथा करून पाहिला, झाकणाचा स्क्रू काढायला लावला, परत लावला, बोलले काही नाही.

जानेवारीत त्यांचा भाचीला फोन आला. दुकानात बिले करायचा एक जुना कॉम्प्युटर आहे. तो बदलून नवा घ्या म्हणून एक विक्रेता मागे लागला होता. दाजींनी त्याला बसवून ठेवले, स्क्रूड्रायव्हर मागवला आणि त्याच्यासमोरच कॉम्प्युटरचे झाकण काढले. आतल्या बोर्डाचा फोटो फोनवर आला. वर गव्हाच्या पिठाचा एक थर, मधोमध पंखा, आणि उजवीकडे चार स्लॉटपैकी दोन रिकामे. खाली दाजींनी लिहिले होते, ‘कुठली बसेल, नंबर कळव.’

भाचीने फोटो मोठा करून पाहिला आणि उत्तर पाठवले, ‘आधी पीठ झाडा. मग जुनी पट्टी काढून तिच्यावरचं वाचून दाखवा.’